झग्याला खिसा नव्हता

लंडनच्या ‘सीझन’ला मराठीत काय म्हणायचं ते मला ठाऊक नव्हतं. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होते. शाळेत सगळं इंग्रजीतून शिकत होते, वर्गातल्या मुलींशी बेटावरच्या क्रेओल बोलीत जेवढ्यास तेवढं बोलत होते, आणि मराठी माझ्याजवळ होती ती घरात ऐकलेली. समजायची पुष्कळ, तोंडातून निघायची थोडी. समोर आत्या शिवणाच्या मशीनवर बसली होती आणि मी तिला एक इंग्रजी कादंबरी मराठीतून सांगत होते. पुस्तकातली मुलगी आईबरोबर घोडागाडीतून लंडनला निघाली होती, कारण दरवर्षी काही महिने सगळी मोठी घराणी शहरात येत, नाच होत, जेवणावळी होत, आणि लग्नाच्या मुली लोकांसमोर आणल्या जात. आत्या पुढचं ऐकायला थांबली होती. मी घाईत म्हटलं, "म्हणजे कूप. लग्नांची कूप."

कूप म्हणजे आमच्या बेटावरचा ऊसतोडणीचा हंगाम. जूनच्या सुमाराला सुरू होतो, वर्षाच्या शेवटाकडे सरतो, आणि मधल्या रिकाम्या महिन्यांना आंत्रकूप म्हणतात. आमच्या गावात, प्लेन दे पपायमध्ये, घराच्या तीन बाजूंना ऊस होता, त्यामुळे वर्षाचे एवढे दोनच भाग आम्हाला खरे वाटत.

आत्यानं मशीनवरचा पाय थांबवला. "पोरींची तोडनी?"

"तोडणी नव्हे, आत्या. त्यांना शहरात नेतात. लोक बघतात."

"मंग? गाडीत भरून नेतात, उतरवतात, गोड किती हाय ते बगतात. कूपच ती." आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

तो शब्द मग कायमचा चिकटला. पुढच्या सगळ्या पुस्तकांतल्या मुलींची कूप व्हायची. कुणाची पहिली कूप, कुणाची चौथी आणि तरी लग्न नाही. आत्या स्वतःबद्दलही तेच म्हणायची. "माजी कूप कवाच सरली गो." ती एकोणचाळीस वर्षांची होती. आजी लवकर गेली, माझ्या बाबांना आणि धाकट्या दोघी आत्यांना तिनंच वाढवलं. तिच्यासाठी स्थळं आली तेव्हा त्यांना थांबा म्हटलं गेलं, आणि थांबून थांबून ती स्थळं दुसरीकडे गेली. हे ती एखाद्या रंगाचं कापड दुकानात संपलं असं सांगावं तसं सांगायची. त्यात दुःख शोधायला गेलं तर सापडायचं नाही. निदान मला सापडलं नव्हतं.

तिची शिवणाची खोली घराच्या कडेला होती. पत्र्याचं छप्पर, दोन खिडक्या, एक रस्त्याकडे आणि एक उसाकडे. रस्त्याकडच्या खिडकीतून गिऱ्हाइकं यायची, उसाकडच्या खिडकीतून फक्त उजेड. शनिवारी जेवणं झाली की दुपारचा उजेड पात्यांवरून सरकत आत यायचा आणि जमिनीवर पडलेल्या चिंध्यांवर हिरवट होऊन बसायचा. त्या वेळी मी तिथे जायची. मी मनमोकळी बोलत असे ती जगातली तेवढीच एक जागा होती. शाळेत बाई प्रश्न विचारायच्या तेव्हा उत्तर माझ्या डोक्यात तयार असायचं आणि मी दुसऱ्या कुणी हात वर करण्याची वाट बघायची. घरी पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात असायची. लोक म्हणत, हिच्या तोंडात जीभ आहे का? आत्या म्हणायची, "हाय. माज्या खोलीत ठेवलीय."

या गोष्टी सांगण्याची सुरुवात माझ्या हसण्यानं झाली. मी कोपऱ्यात कापडाच्या गाठोड्यांवर बसून वाचत होते आणि एकदम हसले. आत्यानं चष्म्यावरून बघितलं.

"एकटी हसू नको. येडी म्हनतील. मला सांग, मी बी हसते. मंग दोगी येड्या."

पुस्तकात एक लॉर्ड गळ्याचा रुमाल बांधत होता. सात रुमाल चुरगाळून जमिनीवर पडले होते, आणि त्याचा नोकर आठवा रुमाल दोन्ही हातांवर धरून, घरात काही दुःखद घडत असावं तसा, भिंतीकडे बघत उभा होता. मी ते क्रेओलमध्ये सांगायला लागले, कारण तीच भाषा माझ्या जिभेला सोपी होती. आत्यानं दोन वाक्यं ऐकली आणि हात वर केला.

"क्रेओलमदी नको. तुजा लॉर्ड मासळीवाल्यावानी बोलतो."

म्हणून मराठी. पण आमच्या बोलीत लॉर्डाला पुरतील असे शब्दच नव्हते. आम्ही सगळ्यांना तू म्हणणारे, फार तर तुम्ही. शेवटी मला गणपतीच्या दिवशी देवळाच्या अंगणात भाषण करणारे आमच्या मंडळाचे अध्यक्ष आठवले. ते ‘आपण’ म्हणायचे, ‘कृपया’ म्हणायचे, ‘मी अत्यंत आभारी आहे’ म्हणायचे. त्या दिवसापासून माझे सगळे लॉर्ड, ड्यूक आणि कप्तान अध्यक्षांसारखे बोलायला लागले. पुढच्या गणपतीला अध्यक्ष माईकसमोर उभे राहून ‘आपण सर्वांनी कृपया’ असं म्हणाले तेव्हा आत्यानं पदर तोंडात कोंबला, आणि मला उठून पाणी प्यायला जावं लागलं.

ही पुस्तकं, सगळी एकाच इंग्रज लेखिकेची, मी राजधानीतल्या, पोर्ट लुईतल्या एका वाचनालयातून आणायची. शाळा सुटली की बस सुटेपर्यंत पाऊण तास असायचा. मागच्या भिंतीला, जिथं पंख्याचा वारा पोचत नसे, तिथं ती एका ओळीत होती. पाठीवरची सोनेरी अक्षरं आमच्या दमट हवेनं अर्धी खाल्लेली. शाळेतल्या बाईंना असली पुस्तकं वाचण्याजोगी वाटत नसत, म्हणून मी त्यांना भूमितीच्या पुस्तकासारखं तपकिरी कव्हर घालायची. बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली की बाहेर ऊस सुरू व्हायचा आणि आत इंग्लंडचा रस्ता. बस थांब्यावर थांबली की मला वाटायचं, इथं घोडे बदलणार. कंडक्टर ओरडायचा, बायका टोपल्या घेऊन चढायच्या, आणि मी हातमोजे सावरून बसायची, जे माझ्याकडे नव्हते.

प्रेमासाठी मी ती वाचत होते का? थोडंसं. पण खरं सुख दुसरंच होतं. ज्या बाईनं ती लिहिली होती तिला सगळं माहीत होतं, आणि माहीत आहे हे ती कधी दाखवत नसे. शंभर पानं झाली की आपल्या लक्षात यायचं की आपल्याला आता ठाऊक आहे: हातमोजे पावाच्या चुऱ्यानं कसे साफ करतात, एकाच पुरुषाबरोबर तिसऱ्यांदा नाचलं तर काय बोभाटा होतो, पत्राच्या कागदावर जागा उरली नाही की तो आडवा फिरवून ओळींवरून ओळी कशा लिहितात. हे कुणी शिकवलं नाही. कुणीतरी भांडता भांडता, विनोद करता करता ते बाजूला ठेवून गेलं. असं काळजीनं उभं केलेलं जग असलं की त्यात बिनधास्त पाय टाकता येतो. जमीन खाली जाणार नाही याची खात्री असते. आणि हसूही तिथंच येतं, कारण इतक्या नियमांच्या घरात एक माणूस जरा वाकडा बसला तरी धमाल होते.

मला तरी ती फक्त खात्री होती. तपासायची अक्कल आत्याकडे होती. ती लेखिकेला ‘ती बाई’ म्हणायची, आपल्या धंद्यातल्या दुसऱ्या शिवणारीबद्दल बोलावं तशी.

"त्या बाईनं बाही कशी सांगितली?"

मी बाही वाचून दाखवायची. आत्या वर्तमानपत्राचा कागद कापून माझ्या खांद्यावर धरायची, टाचणी लावायची, मला हात वर करायला लावायची. "व्हय. उचलतो हात. बाईला शिवन येतं." एका पुस्तकात नायिकेचा झगा मलमलीचा होता. मी म्हटलं, ती मलमल हिंदुस्थानातून जायची. आत्यानं मांडीवरचं कापड बोटांत चोळून बघितलं. मग म्हणाली, "बग. कापड आमच्या आदी सायबाच्या घरात पोचलं." गोष्ट घडते त्याच वर्षांच्या आसपास इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून घेतलं होतं. आमची माणसं तेव्हा अजून कोकणातच होती, बोटीची त्यांना कल्पनाही नव्हती. एका पुस्तकात या बेटावरून परत आलेला, उन्हानं रापलेला एक आरमारी माणूस दोन पानांपुरता येऊन गेला. मी ती दोन पानं आत्याला तीन शनिवार सांगितली.

आणि मग तो खिसा.

झग्याची कंबर छातीच्या लगेच खाली, आणि तिथून पातळ मलमल सरळ पायापर्यंत सोडलेली, असं त्या बाईनं लिहिलं होतं. आत्यानं कागद कापला, बघितला, आणि कात्री हातात तशीच धरून विचारलं, "मंग खिसा कुठं?"

"काय?"

"इतक्या पातळ कापडाला खिसा लावला तर लोंबनार. बाहेरनं दिसनार. खिसा कुठं ठेवला तिनं?"

मला माहीत नव्हतं. मी पुढं वाचत गेले. दोन प्रकरणांनंतर नायिकेची हातातली छोटी पिशवी एका काकूंच्या पिशवीशी बदलली, आणि त्यात भलत्याच माणसाचं पत्र निघून मोठा गोंधळ झाला. बाईनं तिथं एका ओळीत म्हटलं होतं की हल्लीच्या झग्यांना खिसे राहिले नाहीत, म्हणून बायका आपली सगळी गुपितं दोरीला टांगून फिरतात. मी ते सांगितलं तेव्हा आत्यानं टाळी वाजवली. "बगितलंस? झग्याला खिसा न्हाय. मी म्हटलं न्हवतं?" ती इतकी खूश झाली की आईला हाक मारून तिनं ते पुन्हा सांगितलं. आई गातो पिमां, डाळीची मिरची घातलेली भजी, तळत होती. ती म्हणाली, "खिसा न्हाय तर बसचं तिकीट कुठं ठेवतात?"

त्याच वर्षीच्या आंत्रकूपमध्ये सूयाकचा माणूस यायला लागला.

सूयाक बेटाच्या दक्षिण टोकाला, आमचं गाव उत्तरेला. सूयाकच्या बाजारात या गृहस्थांचं मासळीचं दुकान होतं. बायको वारून बरीच वर्षं झाली होती, एकुलत्या मुलीचं लग्न झालं होतं, आणि त्या लग्नाची चोळी आमच्या गावातल्या एका नातेवाइकानं आत्याकडे शिवायला आणून दिली होती. लग्नानंतर महिन्याभरानं ते स्वतः रस्त्याकडच्या खिडकीपाशी येऊन उभे राहिले. हातात एक शर्ट. कॉलर झिजली होती, ती उसवून, झिजलेली बाजू खाली जाईल अशी उलटून हवी होती.

आत्यानं शर्ट घेतला. "सूयाकला शिंपी न्हाईत?"

"हाईत की, बाई," ते म्हणाले. "पन ते कॉलर उलटी शिवतात."

"कॉलर उलटायलाच आनली न्हव तुमी?"

"तेच. ते सुलटी उलटवत न्हाईत."

मी गाठोड्यांवर बसून पुस्तकात तोंड घातलं. ते गंभीर होते. आत्याही गंभीर होती. ते गेल्यावर तिनं कॉलर उसवायला घेतली आणि टाका न मोजता बराच वेळ उसवत राहिली.

ते दुसऱ्यांदा आले, तिसऱ्यांदा आले, दर वेळी वेगळा शर्ट. दोन बस बदलून, अख्खं बेट ओलांडून, केळीच्या पानात गुंडाळलेला मासा घेऊन. बसमध्ये त्या माशामुळे त्यांच्या शेजारी कुणी बसत नाही, त्यामुळे ऐसपैस येता येतं, असं ते म्हणाले. स्वतः ते साबणाच्या आणि लिंबाच्या वासाचे असत. आणि बोलायचे जपून, शब्द निवडून, जणू ताजा आहे ना हे बघूनच पुढे करावा तसं. एकदा आत्यानं चहा दिला तेव्हा ते म्हणाले, "आपण फार त्रास घेतला." आपण! आत्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मी तिच्याकडे बघितलं नाही. मासळीवाला लॉर्डासारखा बोलत होता.

चौथ्या खेपेआधी त्याच नातेवाइकानं बाबांकडे लग्नाची गोष्ट काढली. बाबा शिवणाच्या खोलीच्या दारात आले, चौकट धरून उभे राहिले. स्वतःला वाढवणाऱ्या बहिणीला असलं काही विचारायचं त्यांना जड जात होतं.

"तुज्या मनात काय हाय ते सांग. आमी कोन न्हाय बोलनार. तो रविवारी येतोय, त्याला काय तरी सांगावं लागंल."

"हे पुस्तक संपू दे," आत्या म्हणाली. "मंग सांगते."

बाबा हसले, त्यांना ती थट्टा वाटली. मला ती थट्टा वाटली नाही. ज्या पुस्तकाबद्दल ती बोलत होती त्याची नायिका तीस वर्षांची होती, तिच्या कूपा केव्हाच सरल्या होत्या, आणि ती भावाच्या मुलीला सोबत म्हणून नाचाला घेऊन जायची. तिथं तिला एक आरमारी कप्तान भेटला होता. तो तिच्याशी प्रत्येक भेटीत भांडायचा आणि मग उगाच काहीतरी विसरून जायचा, ते न्यायला परत यायचा. छत्री. चाबूक. एकदा स्वतःचा कुत्रा. शेवटची दोन प्रकरणं उरली होती.

मला त्या मुलीची, भावाच्या मुलीची, काळजी वाटत होती. कप्तानाबरोबर ती बाई गेली तर त्या मुलीनं कुणाशी बोलायचं? पुस्तकात याबद्दल काहीच नव्हतं. त्या मुलीला पुष्कळ मैत्रिणी होत्या.

शुक्रवारी बसमध्ये मी शेवट काढला. कप्तान पावसातून आत आला, टोपी काढली, आणि म्हणाला की मी माझं उत्तर न्यायला आलो आहे. पान उलटलं तर जाड पुठ्ठा. मी परत मागं गेले. तिच्या उत्तराची पानं नव्हती. बाहेर ऊस पावसात वाकला होता, काचेवरून पाणी वाहत होतं, आणि माझ्या मनात आलं की आता हे उत्तर माझ्याजवळ आहे. दुसऱ्या कुणाजवळ नाही.

शनिवारी सकाळी मी अंगणातल्या दगडावर कपडे धूत होते आणि शेवट रचत होते. दुपारी गाठोड्यांवर बसले, पुस्तक मांडीवर अर्धं झाकून उघडलं, आणि वाचल्यासारखं सांगायला लागले. ती खिडकीपाशी उभी राहिली. बाहेर पाऊस. कप्तान म्हणाला, आपलं उत्तर कृपया सांगावं. तिनं खिशातून त्याचं पत्र काढलं, त्याच्या हातावर ठेवलं, आणि म्हणाली, "आपण मला क्षमा करा. माझ्या भाचीला माझी गरज आहे. मी हे घर सोडू शकत नाही." कप्तान वाकला आणि निघून गेला. ती खिडकीतून बघत राहिली. मग भाचीला हाक मारली, आणि दोघी चहा प्यायल्या.

मशीन थांबलं होतं. किती वेळापासून ते मला कळलं नाही.

"खिशातनं?" आत्या म्हणाली.

मी पुस्तक मिटलं.

"खिसा कुठनं आला गो?"

उसाकडच्या खिडकीतून तो हिरवा उजेड तिच्या चष्म्यावर आला होता, त्यामुळे डोळे दिसत नव्हते. "त्या बाईनं आजपातूर एक बटन चुकवलं न्हाय. अन् आज शेवटाला खिसा लावील? हे तिनं लिवलेलं न्हाय." तिनं हात पुढं केला. "दे हिकडं."

तिला इंग्रजी येत नव्हतं. देवळातली पोथी ती एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायची. पण तिनं पुस्तक उघडलं नाही, उलटं धरलं आणि पाठीकडून, शिवणीत, बघितलं. नख घातलं. आत एक दोऱ्याचं टोक लोंबत होतं. "हितं दोरा सुटलाय. पानं अशी चार-चार घडी घालून शिवतात. एक घडी गळलीय." तिनं ते टोक दोन बोटांत धरून माझ्यासमोर धरलं. "तुला बी शेवट ठाव न्हाय."

"नाही."

मला वाटलं ती रागावेल. तिनं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं, सुईत दोरा ओवायला घेतला, दोन वेळा चुकला.

"तुला भ्या वाटतं," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"मला बी." दोरा ओवला गेला. "तवा आता गप बस. मला विचार करू दे."

त्या दुपारी आम्ही दोघी बोललो नाही. माझ्या जिभेची एकुलती जागा, आणि तीही गप्प. पण ती शाळेसारखी शांतता नव्हती. मशीन चाललं होतं, पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी पुस्तकातली पहिली पानं पुन्हा काढली आणि मनात वाचत राहिले. लंडनला गाड्या येत होत्या, दिवे लागत होते, कूप सुरू होत होती.

रविवारी ते आले. मासा आईनं नेला. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले, उठले, परत बसले. मी आपल्या कोपऱ्यात. पाहुण्यांनी शर्ट पुढं केला. आत्यानं तो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला, कॉलर वर करून बघितली.

"ही तर मीच उलटलीय. मागल्या टायमाला."

"व्हय," ते म्हणाले.

"परत कशाला आनलीत?"

त्यांनी जमिनीकडे बघितलं. "माजे शर्ट संपले, बाई."

मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही दाबून धरायची मला चांगली सवय होती. आत्यानं शर्टाची घडी घातली, मोठी नीट घडी, बाह्या आत.

"कॉलर एकदाच उलटते," ती म्हणाली. "दोन्ही बाजू झिजल्यावर मंग काय बी करता येत न्हाय. नवा शर्ट लागंल."

"लागंल."

"त्याला माप घ्यावं लागंल."

ते उभे राहिले. आत्यानं गळ्यातली टेप काढली. त्यांच्या मागं जाऊन एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत धरली. माप मला सांगायचं असायचं, मी वहीत लिहायची. ती आकडा बोलली नाही. टेप धरून तशीच उभी राहिली, आणि ते कुणी सांगितल्यासारखे श्वास रोखून सरळ उभे राहिले.

बाबा आईला म्हणाले, "उत्तर कवा देनार ही?" आईनं मासा धुता धुता मान वर केली. "दिलं की."

कूप सुरू व्हायच्या आधी लग्न झालं. मशीन एका लॉरीवर चढवून दोरीनं बांधलं, आणि ते उसाच्या रस्त्यानं दक्षिणेला गेलं. खोलीत चिंध्या राहिल्या, आणि जिथं मशीन होतं तिथं जमिनीवर चार खळगे. मी काही शनिवार तिथं जाऊन बसले. मग एका शनिवारी वही घेतली आणि नव्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण मराठीत लिहून काढलं, अक्षर मोठं, ओळी लांब लांब, पोथीसारख्या, आणि ते सूयाकला टपालानं पाठवलं. पुढच्या शनिवारी दुसरं. तिची उत्तरं दोन-तीन ओळींची यायची. ‘बाही कळली नाही. परत लीव.’ मी परत लिहायची. माझी लिहायची मराठी त्या कागदांवर झाली. बोलायची फार पुढे गेली नाही.

त्या फाटलेल्या पुस्तकाची दुसरी प्रत मला पोर्ट लुईच्या फुटपाथवर जुन्या मासिकांच्या ढिगात मिळाली. शिवण धडधाकट होती. मी शेवट बसमध्ये वाचला नाही. सुट्टी लागल्यावर दोन बस बदलून सूयाकला गेले. उसानं भरलेल्या लॉऱ्यांच्या मागं बस हळूहळू सरकत होती, रस्त्यावर कांडी पडलेली होती.

आत्याच्या नव्या खिडकीतून समुद्र दिसत नव्हता, ऐकू मात्र यायचा. आतला उजेड हिरवा नव्हता, पांढरा होता. ती जरा जाड झाली होती. पाय मशीनवरच होता.

"शेवट मिळाला," मी म्हटलं. "ती काय म्हणाली ते आता—"

"ते नको सांगू." तिनं हात वर केला, पूर्वीसारखा. "ती काय बोलली ते मला ठाव हाय. अंगावर काय हुतं तेवढं सांग."

मी पुस्तक उघडलं. पाऊस, खिडकी, कप्तान. मी ओळींवरून बोट फिरवत कपडे शोधत गेले. मलमल पांढरी. ओली झालेली. मी वाचत पुढं गेले आणि थांबले.

"काय झालं?"

"तिला थंडी वाजत होती," मी म्हटलं. "म्हणून त्यानं स्वतःचा कोट तिच्या खांद्यावर घातला आहे. मोठा, आरमारी. आणि त्या कोटाला..."

"काय?"

"चार खिसे आहेत. तिनं पत्र त्यातल्या एकात ठेवलं होतं."

आत्यानं चष्मा काढला. मग ती हसायला लागली, आधी आवाज न करता, मग इतक्या मोठ्यानं की बाहेर दुकानाच्या टोपल्या धुणाऱ्या तिच्या नवऱ्यानं विचारलं, "काय झालं, अहो? काय झालं?"

"काय न्हाय," ती ओरडली. "खिसा हुता!"